पहिली शिलाई मशीन घेताना: कमी पैशात कोणती घ्यावी आणि दुकानात काय तपासावं

"शिलाई मशीन घ्यायची आहे, कोणती घेऊ?" असं विचारणाऱ्या बहुतेकींनी मोबाइलवर पाच-सहा मशीनी आधीच बघून ठेवलेल्या असतात, आणि सगळं घोडं एकाच आकड्यावर अडलेलं असतं: सात प्रकारच्या टाक्यांची घेऊ की एकवीस प्रकारच्या? तो आकडा तूर्त बाजूला ठेवा. नवीन शिकणाऱ्याला पहिलं वर्षभर एकच टाका लागतो, सरळ टाका. तो जी मशीन विनातक्रार आणि दोन्ही बाजूंनी सारखा घालते, आणि बिघडली तर जी उघडणारा कारागीर तुमच्या गावात आहे, ती तुमच्यासाठी स्वस्त मशीन. बाकीचं सगळं या दोन गोष्टींनंतर.

पायरी 1: काय शिवणार ते कागदावर लिहा

खरंच लिहा. "शिवणकाम शिकायचंय" एवढ्यावर मशीन निवडता येत नाही.

उसवलेलं शिवणं, पँटची उंची कमी करणं, पडदे, उशांचे अभ्रे, कापडी पिशव्या, एवढंच असेल तर फक्त सरळ टाका देणारी कुठलीही धड मशीन पुरते. ब्लाउज, परकर, कुर्ते, बाळाची झबली-टोपडी शिकायची असतील तरी शिवण सरळच असते, फक्त आतल्या कडा सुटू नयेत म्हणून त्यांचा बंदोबस्त करावा लागतो. अस्तराच्या ब्लाउजमध्ये बऱ्याच कडा अस्तराखाली झाकल्या जातात. कुर्त्याच्या कडा जवळच्या टेलरकडून थोडक्या पैशात इंटरलॉक करून आणता येतात. एवढ्यासाठी महागडी मशीन घ्यायची गरज नाही.

साडीला फॉल-पिको करून चार पैसे मिळवायचा विचार असेल तर गणित बदलतं. पिकोला झिगझॅग, म्हणजे नागमोडी टाका लागतो आणि तो साध्या काळ्या मशीनवर होत नाही. टी-शर्ट, लेगिंग, लहान मुलांचे होजिअरीचे कपडे यांचंही तसंच. ताणल्या जाणाऱ्या कापडावर सरळ टाका घातला की कपडा अंगात चढवताना दोरा तटकन तुटतो. तिथे बारीक झिगझॅग आणि गोल टोकाची, म्हणजे बॉलपॉइंट सुई लागते.

गोधड्या, जीन्स, जाड कॅनव्हासच्या पिशव्या लिहिल्या असतील तर प्लॅस्टिकच्या हलक्या मशीनींवर काट मारा. चार पदर जीन्सचे एकत्र आले की त्या जागच्या जागी गुरगुरतात.

पायरी 2: बाजारात काय काय मिळतं

सगळ्यात खाली स्टेपलरसारखी हातात धरायची मशीन आणि तिच्यापेक्षा थोडी मोठी, बॅटरीवर किंवा अडॅप्टरवर चालणारी मिनी मशीन. हजार-दीड हजारात मिळतात म्हणून मोह होतो. हातात धरायची जी असते ती एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालते. शेवटची गाठ सुटली आणि टोक ओढलं गेलं की सगळी शिवण सरसर उसवते. टेबलावरच्या मिनी मशीनला वरचा-खालचा असे दोन दोरे असतात, पण मोटरमध्ये जीव नसतो आणि टाक्याचा ताण धड जमवता येत नाही. शिकायला या मशीनी नकोतच. हाताला चुकीचं वळण लागतं, आणि शिवणकाम आपल्याला जमत नाही असं उगाच वाटायला लागतं.

मग येते आपली काळी मशीन, आजीच्या घरात होती ती. उषा, सिंगर, रीटा आणि कितीतरी स्थानिक नावांनी अजूनही नवी मिळते. फक्त सरळ टाका, ओतीव लोखंडाचं दहा-बारा किलोचं हेड (स्टँडवर बसते ती मुख्य मशीन), हाताने किंवा पायाने चालते, हवी तेव्हा मोटर बसवता येते. या मशीनींची आतली रचना सिंगरच्या जुन्या 15 नंबरच्या मॉडेलवरून आलेली आहे. त्यामुळे बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रिळ), बॉबिन केस (ती बसते ती डबी), शटल (खालून वरच्या दोऱ्याचा फेरा पकडणारा भाग), सुई हे भाग एका कंपनीचे दुसरीच्या मशीनला बऱ्याचदा बसतात. सुटे भाग मुख्यतः लुधियानाहून येतात आणि तालुक्याच्या गावातही मिळतात. नवीन शिकणाऱ्या बहुतेकींना मी हीच सुचवते. लाइट गेली तरी काम थांबत नाही, हा खेडेगावात लहान मुद्दा नाही. पायाने चालवताना वेग आपल्या ताब्यात राहतो आणि गळ्याच्या गोलाईवर एकेक टाका मोजून घालता येतो.

तिसरी, पांढऱ्या रंगाची इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन. लोक तिला सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात. उषा जानोमे, सिंगर, ब्रदर यांची सुरुवातीची मॉडेल या गटात येतात. सरळ टाका, झिगझॅग, काज, पिको आणि थोडे नक्षीचे टाके. वजन पाच-सात किलो, कपाटात ठेवता येते, बाहीसारखी अरुंद शिवण समोरच्या दांड्यावर चढवून शिवता येते. फ्लॅटमध्ये जागा कमी असेल, लाइट जात नसेल, आणि कागदावर पिको किंवा टी-शर्ट लिहिलं असेल तर हीच घ्या. घेताना बाहेरून प्लॅस्टिक असलं तरी आतला सांगाडा धातूचा आहे का, आणि बॉबिन केस धातूची आहे का, ते विचारा.

कॉम्प्युटराइज्ड मशीन पहिली म्हणून घेऊ नका. तिच्यात बिघडलेला बोर्ड गावातला कारागीर दुरुस्त करत नाही, बदलायला कंपनीकडेच जावं लागतं.

टेलर मॉडेल आणि कारखान्यातली पॉवर मशीन (लोक हिला कुठल्याही कंपनीची असली तरी 'जुकी' म्हणतात) हा वेगळा संसार. घरगुती झिगझॅग मशीन मिनिटाला साधारण सातशे-आठशे टाके घालते, पॉवर मशीन पाच हजारांपर्यंत जाते. नवीन माणसाने पायाला जरा जास्त जोर दिला की कापड हातातून निसटून पुढे गेलेलं असतं. कारखान्यात कामाला जायचं म्हणून शिकत असाल तरच ही बघा, आणि घेतलीच तर क्लच मोटरऐवजी सर्व्हो मोटरची घ्या. क्लच मोटर चालू केल्यापासून बंद करेपर्यंत फिरत आणि घोंघावत राहते. सर्व्हो पाय दाबल्यावरच फिरते, त्यामुळे वीज वाचते, आणि वेगही कमी ठेवता येतो.

पायरी 3: एकूण किती जाणार

किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे धरा. नव्या काळ्या मशीनचं नुसतं हेड चार ते सहा हजार, पायाचा लोखंडी स्टँड आणि वरची लाकडी फळी धरून सात ते नऊ हजार. चांगली जुनी मशीन स्टँडसकट दोन ते चार हजार. सुरुवातीची झिगझॅग मशीन नऊ ते पंधरा हजार. सर्व्हो मोटरची पॉवर मशीन टेबलासकट वीस हजारांच्या पुढे. सप्टेंबर 2025 मध्ये शिलाई मशीनवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुन्या भावाचा कागद दाखवणाऱ्या दुकानदाराला हे आठवण करून द्यायला हरकत नाही.

मशीनच्या किमतीवर सगळे पैसे घालवू नका. मोठी कात्री, टेप, खडू, टाचण्या, पाच-सहा जादा बॉबिन, सुयांची दोन पाकिटं, तेलाची बाटली, टाके उसवायचं हत्यार आणि इस्त्री लागतेच. यासाठी हजार-दीड हजार बाजूला ठेवा. बोथट कात्रीने कापलेला ब्लाउज कितीही भारी मशीनवर शिवला तरी बसत नाही.

सरकारी मदतीचं थोडक्यात. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांत शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर मिळतं. पण योजना हा धंदा करणाऱ्यांसाठी आहे, घरापुरतं शिकणाऱ्यांसाठी नाही. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडूनही अनेक जिल्ह्यांत अनुदानावर मशीन मिळते, त्यासाठी पंचायत समितीत चौकशी करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे 'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना, खालील लिंकवर माहिती भरा' हे मेसेज खोटे आहेत. सरकारच्याच पीआयबी या माहिती कार्यालयाने तसा खुलासाही केलेला आहे. आधार आणि बँकेची माहिती तिथे देऊ नका.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी "येताना तिकडची मशीन आणू का?" म्हटलं तर नम्रपणे नको म्हणा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. थेट लावली की मोटर जळते, आणि ट्रान्सफॉर्मर लावून चालवली तरी सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात.

पायरी 4: आधी कारागीर गाठा

ही पायरी बहुतेकजण गाळतात. मशीन दुकानात बघायच्या आधी, तुमच्या भागात मशीन दुरुस्त करणारा कोण आहे ते शोधा. कुठल्याही ब्लाउज शिवणाऱ्या बाईला किंवा टेलरला विचारलं की नंबर मिळतो. त्यांच्याकडे जाऊन सरळ विचारायचं:

"काका, मला शिकायला मशीन घ्यायचीय. ही अमुक कंपनीची झिगझॅग तुम्ही उघडता का?"

"उघडतो, पण ताई, तिचा गिअर प्लॅस्टिकचा येतो. गेला की महिनाभर पार्टची वाट बघायला लागते. तिच्यापेक्षा ती दुसरी घ्या, तिचा पार्ट गावात मिळतो."

एवढा एक सल्ला मोबाइलवरच्या शंभर व्हिडिओंच्या तोलाचा आहे. कारागिराला कुठली मशीन वर्षातून किती वेळा त्याच्याकडे येते हे तोंडपाठ असतं. शिवाय त्याच्याकडे विकायला ठेवलेली एखादी दुरुस्त केलेली जुनी मशीन बहुतेक वेळा असतेच, आणि ती विकल्यावर बिघडली तर तोच समोर उभा असतो.

मोठ्या कंपनीची नवी मशीन घेणार असाल तर कंपनीचा माणूस घरी येतो की मशीन उचलून सर्व्हिस सेंटरला न्यावी लागते, आणि ते सेंटर तुमच्या गावापासून किती लांब आहे, हेही आत्ताच विचारून घ्या.

पायरी 5: दुकानात जाताना आपला कपडा आपण न्या

दुकानदार डेमो देतो तेव्हा त्याच्याकडे एक ठरलेला तुकडा असतो: कडक खळ घातलेलं, जाडसर, दुमडलेलं सुती कापड. त्यावर जगातली कुठलीही मशीन सुरेख टाका घालते, कारण ते कापड आकसत नाही आणि सरकत नाही. तुमची मशीन रोज त्यावर चालणार नाही. म्हणून घरून तीन तुकडे घेऊन जा: अस्तराचं पातळ सुती कापड, जुन्या जॉर्जेट साडीचा किंवा ओढणीचा तुकडा, आणि जुन्या जीन्सची पट्टी. सोबत दोन वेगळ्या रंगांचे दोरे, समजा लाल आणि पांढरा.

वर लाल दोरा ओवायला सांगा, बॉबिनमध्ये पांढरा भरायला सांगा. कापड दुहेरी करून वीतभर सरळ शिवण घाला. आता तुकडा उलटसुलट करून उजेडात बघा. वरच्या बाजूला फक्त लाल आणि खालच्या बाजूला फक्त पांढरा दिसला पाहिजे, दोघांची गाठ कापडाच्या आत बसली पाहिजे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके डोकावत असतील तर वरचा दोरा फार ताणलेला आहे किंवा बॉबिनचा फार सैल आहे. खाली लाल ठिपके किंवा लाल फेरे दिसले तर उलट. हे होणं म्हणजे मशीन खराब असं नाही. दुकानदाराला ताण जुळवायला सांगा. दोन-तीन वेळा टेन्शनची चकती फिरवून तिन्ही कापडांवर टाका नीट आला तर मशीन चांगली. तो फिरवत बसला, घाम पुसायला लागला, आणि शेवटी "कपडाच तसा आहे ताई" म्हणाला, तर दुसरी मशीन बघा.

जॉर्जेटवर विशेष लक्ष द्या. टाका टाकताना कापड सुईच्या भोकात ओढलं जातं का, शिवण आकसून चुण्या पडतात का? 11 नंबरची बारीक सुई लावूनही चुण्या पडत असतील तर सुईच्या भोकाची पट्टी किंवा कापड पुढे सरकवणारे खालचे दात यांच्यात गडबड असू शकते. जीन्सच्या पट्टीला मात्र 16 नंबरची सुई लावा आणि चार पदरांवरून चालवा. जाड जोडावर चढताना मशीन थोडी मंदावणं चालेल. थांबली, किंवा टाके वगळायला लागली, तर जाड कामाला ती नाही.

मग दोरा काढून टाका, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचला आणि मशीन रिकामी चालवा. दोरा काढायला विसरू नका. कापड नसताना दोऱ्यासकट चालवली तर खाली गुंता होतो. पायमशीन असेल तर चांगली लय पकडून पाय थांबवा. चाक दोन-चार फेरे आपोआप फिरून शांत थांबलं पाहिजे. लगेच अडकून थांबलं तर कुठेतरी घासतंय. आवाज एकसारखा टिकटिक असावा. मधूनच खट्ट, किंवा एका ठराविक जागी करकर येत असेल तर विचारा, उघडून दाखवायला सांगा.

झिगझॅग मशीनवर सगळ्यात रुंद टाका लावून वीतभर शिवा आणि मग एक काज घाला. काजाच्या दोन्ही बाजूंची दाटी सारखी आली पाहिजे. नक्षीच्या टाक्यांचे नमुने दुकानदार आग्रहाने दाखवेल. ते बघा, कौतुक करा, पण त्यावरून ठरवू नका. फुलांची वेल घालणारा टाका घरी गेल्यावर पुन्हा कुणी लावत नाही.

पायरी 6: जुनी मशीन घेताना

कमी पैशात सगळ्यात चांगला सौदा इथेच होतो आणि फसवणूकही इथेच होते. काळं लोखंडी हेड पन्नास वर्षांचं असलं तरी बिचकू नका. त्यातले झिजणारे भाग थोडे आहेत आणि तेच बघायचे.

सुईचा दांडा दोन बोटांत धरून मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. केसभर हालचाल चालते. खुळखुळ हलत असेल तर दांड्याचं बुश (तो ज्यातून वरखाली होतो ती नळी) झिजलं आहे आणि टाके वगळले जाणार.

पुढे सुईखालची सरकपट्टी सरकवून शटल बाहेर काढायला सांगा. शटलच्या टोकावरून नख फिरवा. गुळगुळीत, अणकुचीदार हवं. नखाला खरखर लागली तर तिथे दोरा चिरडून तुटत राहतो. शटल मात्र बदलता येतं आणि फार महाग नसतं, त्यामुळे तेवढ्याने सौदा मोडू नका, किंमत उतरवा.

बॉबिन केसमधून निघालेला दोरा धरून केस हवेत लटकवा. ती तशीच टांगून राहिली पाहिजे, आणि हाताला बारीक हिसका दिला की इंचभर खाली सरकून पुन्हा थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर ताण सैल आहे, हिसका देऊनही जागची हलली नाही तर घट्ट. केसवरच्या छोट्या पट्टीचा स्क्रू पाव फेरा फिरवून हे जमतं. तो स्क्रू फिरवूनही काही फरक पडत नसेल तर केस बदलावी लागेल.

दातांवर बोट फिरवा. धारदार लागले पाहिजेत. गुळगुळीत झालेले दात कापड पुढे नेत नाहीत आणि टाके लहानमोठे पडतात.

डाव्या बाजूचं झाकण उघडून आत बघा. पिवळट, चिकट डिंकासारखा थर दिसला तर कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल तेल घातलं आहे. आपल्याकडे हे घरोघरी होतं. खोबरेल थंडीत गोठतं, नंतर चिकट होऊन आतले सांधे जाम करतं. हेड जड फिरत असेल तर हेच कारण असू शकतं. कारागीर रॉकेल किंवा पेट्रोलने धुऊन ते काढतो, घरी गॅसजवळ हा उद्योग करू नका. धुतल्यावर अशी मशीन लोण्यासारखी चालायला लागते, म्हणून जाम मशीन स्वस्तात मिळत असेल तर कारागिराला घेऊन जा आणि त्याच्याकडून पारखून घ्या.

गंज वरवर असेल तर ठीक, पण सुईच्या दांड्यावर किंवा शटलच्या खोबणीत खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या. हेडला कुठे तडा किंवा वेल्डिंग दिसलं तरी सोडून द्या. सोनेरी नक्षी पुसली गेली, रंग उडाला, याची काळजी नको. उलट नव्याने चकाचक रंगवलेल्या जुन्या मशीनीकडे जरा संशयाने बघा.

स्टँडकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. सपाट फरशीवर ठेवून हलवून बघा, पाय मारताना डुगडुगत असेल तर टाका सरळ येत नाही आणि कंबर दुखते. वादी (चाक फिरवणारा पट्टा) सैल किंवा चिरलेली असली तर हरकत नाही, ती किरकोळ खर्चात नवी मिळते.

पायरी 7: बिल आणि ऑनलाइन खरेदी

पक्कं बिल घ्या आणि हेडवर कोरलेला नंबर बिलावर लिहून घ्या. गॅरंटीत मोटर धरली आहे का, हे वेगळं विचारा. हेडची मुदत वेगळी आणि मोटरची वेगळी असू शकते. गॅरंटी कार्डवर दुकानाचा शिक्का आणि तारीख हवीच.

ऑनलाइन पाचशे-हजार रुपये स्वस्त दिसतं. झिगझॅग मशीन नामांकित कंपनीची असेल, तिचं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात असेल, तर घ्यायला हरकत नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. काळी मशीन मात्र ऑनलाइन मागवू नका. हेड, स्टँड, फळी वेगवेगळ्या खोक्यांतून येतात, जोडायला शेवटी गावातलाच कारागीर लागतो, आणि दुकानातून घेतली असती तर हे काम त्याच पैशात झालं असतं.

पायमशीन घेताना मोटर लगेच बसवू नका. पाय आणि हात यांचा मेळ बसू द्या. नंतर काम वाढलं की मोटर आणि पायाचा रेग्युलेटर केव्हाही बसवून मिळतो.

पायरी 8: घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी दोरा ओवूच नका. पायमशीन असेल तर उजवीकडच्या चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल करा. चाक फिरेल पण सुई हलणार नाही. आता नुसता पाय मारायची सवय करा. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. उलटं फिरलं की दोरा तुटतो. सुरू करताना चाकाला हाताने आपल्याकडे हलकासा झोका द्यायचा आणि मग पायांनी लय पकडायची. थांबल्यावर चाक मागे जात नाही, इतकी सवय झाली की स्क्रू घट्ट करा.

मग वहीचा रेघांचा कागद घ्या आणि दोऱ्याशिवाय रेघेवरून सुई चालवा. भोकं रेघेवर पडताहेत का बघा. नंतर चौकोन, नंतर गोल. कागदावर वापरलेली सुई बोथट होते, ती कापडाला लावू नका.

सुई बसवताना गोंधळ होतो, म्हणून एक खूण लक्षात ठेवा. घरगुती सुईच्या वरच्या भागाची एक बाजू चपटी असते आणि दुसऱ्या बाजूला खालपर्यंत लांब खाच असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा, खाच त्या बाजूला आणि चपटी बाजू तिच्या पाठीमागे. सुई वर पूर्ण टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळा. पातळ कापडाला 11, ब्लाउजपीस आणि पॉपलिनला 14, जीन्सला 16. आठ-दहा तास शिवून झालं की सुई बदला. पॉवर मशीनची गोल दांड्याची सुई घरगुती मशीनला चालत नाही, घेताना दुकानदाराला मशीन कुठली ते सांगा.

आता कापडावर या. टाका मध्यम ठेवा, इंचाला दहाच्या आसपास. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, दोन-तीन टाके झाले की सोडा. कापड मागून ओढू नका. पुढे न्यायचं काम दातांचं आहे, आपण फक्त दिशा द्यायची. ओढलं की सुई वाकते आणि पट्टीवर आपटून मोडते.

पहिल्या आठवड्यात हमखास येणारी तक्रार म्हणजे कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता. खाली गुंता दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या मागे लागतात, तिच्या केसचा स्क्रू फिरवतात, आणि होती-नव्हती ती जुळणीही बिघडवतात. कारण बहुतेक वेळा वर असतं. मशीनचा पाय खाली असताना वरचा दोरा ओवला तर टेन्शनच्या दोन चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये बसतच नाही. ताण नसलेला वरचा दोरा मग खाली भरमसाट जातो आणि तिथे गोळा होतो. पाय उचला, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा, दर टप्प्याला हलका ताणून बघा.

टाका बिघडला की तपासायचा क्रम हाच ठेवा: दोरा पुन्हा ओवणं, सुई बदलणं, बॉबिन काढून तिथला कापूस ब्रशने झाडणं, आणि सगळ्यात शेवटी टेन्शन. बॉबिनवर दोरा सैल किंवा वेडावाकडा भरला असेल तरी टाका बिघडतो, ती रिकामी करून पुन्हा भरा. स्वस्तातला केसाळ दोरा हेही एक कारण असतं. मशीनसाठी बरा पॉलिस्टर दोराच वापरा.

काळ्या मशीनला रोज वापर असेल तर आठवड्यातून एकदा तेलाच्या प्रत्येक भोकात एकेक थेंब, आणि फक्त मशीनचं पातळ तेल. घातल्यावर रिकामी चालवा, पुसा आणि चिंधीवर थोडं शिवून बघा, नाहीतर पहिलाच डाग कुणाच्या तरी लग्नाच्या ब्लाउजवर पडतो. झिगझॅग मशीनीचं पुस्तक आधी वाचा. काही मॉडेलना शटलच्या जागेशिवाय कुठेच तेल घालायचं नसतं.

एवढं करूनही टाका सुधरत नसेल तर कारागिराला फोन करा. पण त्याआधी बिघडलेल्या टाक्याचा वीतभर तुकडा आहे तसा, दोरे न कापता, न उसवता बाजूला ठेवा, आणि कुठली सुई, कुठला दोरा होता ते त्यावर खडूने लिहा. तो तुकडा उलटसुलट करून बघितला की बऱ्याचदा मशीन उघडायच्या आधीच दोष कुठे आहे ते त्याला कळतं, आणि पंधरा मिनिटांचं काम असेल तर तो तुमच्याकडून दिवसभराचे पैसे घेत नाही.